मुलासाठी आणि कादंबरीतल्या पात्रांसाठी निसर्गातली वेगळी नावं कशी निवडावीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. मुलगा झालाय आणि नाव ठरत नाहीये. निसर्गाशी नातं सांगणारं, पण दर दुसऱ्या घरात ऐकू न येणारं नाव हवंय. चाळून चाळून मेघ, तमाल आणि ऊर्ज ही तीन नावं उरली आहेत. शिवाय तुम्ही रानात वाढलेल्या चार भावांची कादंबरी लिहिताय आणि त्यांची नावं तूर्तास पलाश, पावक, पुलिन आणि प्रभंजन अशी आहेत. शेवटी असंही विचारलंय की मुलाचं आणि कादंबरीच्या नायकाचं नाव एकच ठेवलं तर चालेल का.

मी कादंबऱ्या आणि मुलांच्या पुस्तकांचं संपादन करते. पात्रांची नावं हा त्या कामातला रोजचा विषय, आणि त्यामुळेच ओळखीतले लोक बाळाच्या नावासाठीही मला गाठतात. दोन्हीकडे मला एकच गोष्ट दिसते. नावांचा तुटवडा नसतोच. नाव यादीत वाचलं जातं आणि यादीतच पसंत केलं जातं, तिथे गाडं अडतं. यादीत ते एकटं असतं, शेजारी छानसा अर्थ लिहिलेला असतो. वापरात मात्र नाव कधीच एकटं येत नाही. त्याला ला, ने, चा लागतात, पुढे आडनाव येतं, मित्र ते तोडतात, फोनवर ते अर्धवट ऐकू जातं. म्हणून कुठलंही नाव आवडलं की आधी ते चार साध्या वाक्यांत घालून मोठ्याने म्हणून बघा. त्यात जे टिकतं त्याचाच अर्थ शोधत बसण्यात अर्थ आहे.

तुमच्या मेघपासूनच सुरुवात करू. 'मेघला ताप आलाय', 'मेघने चित्र काढलं' ही वाक्यं कागदावर ठीक दिसतात. पण मराठी कानाला 'मेघाला' आणि 'मेघाने' ऐकायची सवय आहे, कारण अकारान्त सामान्यनामाचं सामान्यरूप तसंच होतं: डोंगराला, पावसाने, ढगाचा. व्यक्तीच्या नावांचं सामान्यरूप आपण आता सहसा करत नाही, पण ऐकणाऱ्याच्या कानात ते आपोआप तयार होतं. त्यातून मेघा हे मुलींचं नाव चांगलंच रुळलेलं. म्हणजे हा मुलगा शाळेच्या पटापासून पुढे जन्मभर 'मेघा नाही, मेघ' असं सांगत राहणार. नील आणि नीला, शैल आणि शैला यांचंही तसंच. ढगच हवा असेल तर संस्कृतात 'पाणी देणारा' या अर्थाचे बरेच शब्द आहेत: नीरद, पयोद, अंबुद, वारिद, जलद. त्यातला जलद मराठीत बाद, कारण तो शब्द आपण वेगासाठी वापरतो. पयोद आणि अंबुद जिभेवर जड होतात. नीरद मला आवडतं, मात्र फोनवर ते अनेकदा 'नीरज' ऐकू जाईल हे आधीच धरून चाला. एवढी तडजोड चालणार असेल तर मेघपेक्षा नीरद कधीही बरं.

हीच सामान्यरूपाची भानगड कादंबरीत मात्र फार उपयोगाला येते. 'तो पलाशाला टेकून बसला' म्हटलं की झाड दिसतं आणि 'तो पलाशला टेकून बसला' म्हटलं की भाऊ. एका काना-मात्रेने झाड आणि माणूस वेगळे होतात आणि वाचकाला काही समजावून सांगावं लागत नाही. पात्रांना निसर्गातली नावं देणाऱ्या लेखकाने हा फरक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत काटेकोर पाळावा. एखाद्या ठिकाणी तो ढळला की वाचक अडखळतो, आणि का अडखळला ते त्यालाही कळत नाही. मुद्रितशोधन करणाऱ्याला याची वेगळी सूचना द्या, नाहीतर तो 'सुधारणा' म्हणून सगळीकडे एकच रूप करून टाकेल.

आता तमाल. संस्कृत काव्यात हे काळसर सालीचं, गर्द पानांचं झाड आहे आणि कृष्णाच्या सावळ्या रंगाला त्याची उपमा दिलेली आढळते. नाव म्हणून त्याला खोली आहे, उच्चारही सोपा आहे. अडचण एवढीच की मराठी माणसाला हा शब्द फक्त तमालपत्रातून माहीत आहे, आणि शाळेतली मुलं ते पहिल्या आठवड्यातच शोधून काढतील. पण याच नावाची दुसरी बाजू बघा. बंगालीत तमाल हे मुलाचं नेहमीचं नाव आहे. पलाश, पुलिन, सैकत, मैनाक, किंशुक हीदेखील तिकडे ओळखीची. आपल्याकडे मंदार, शिरीष, पराग, तुषार रुळली तशीच. म्हणून 'दुर्मीळ' कुणासाठी आणि कुठे, हे आधी ठरवावं लागतं. मूल ज्या भाषेच्या लोकांत वाढणार तिथल्या कानांना नाव कसं लागेल हे मी इथून सांगू शकणार नाही, ते तुम्हालाच पाहावं लागेल. मराठी वातावरणात वाढणार असेल तर तमालपेक्षा किंशुक किंवा पुलिन सुचवेन. किंशुक म्हणजे पळसच. पुलिन म्हणजे नदीकाठची वाळू, पुळण. दोन्ही शब्द सामान्य मराठी बोलण्यात येत नाहीत, त्यामुळे त्यांना दुसरा अर्थ चिकटलेला नाही.

ऊर्ज बघून मला मनापासून आनंद झाला, कारण ते कुठून येतं हे फार थोड्यांना ठाऊक असतं. चैत्र-वैशाख ही नावं नक्षत्रांवरून पडली आहेत. त्यांच्याआधी वैदिक वाङ्मयात महिन्यांना वेगळी नावं होती आणि ती ऋतूंच्या जोड्यांनी येतात. वसंताचे मधु आणि माधव, ग्रीष्माचे शुक्र आणि शुचि, वर्षाऋतूचे नभस् आणि नभस्य, शरदाचे इष आणि ऊर्ज, हेमंताचे सहस् आणि सहस्य, शिशिराचे तपस् आणि तपस्य. ऊर्ज म्हणजे कार्तिक. पाऊस संपून शेतं भरल्यानंतरचा, अंगात जोम आणणारा महिना. मुलगा कार्तिकातला असेल तर याहून नेमकं नाव मिळणं कठीण. वैशाखातला असता तर माधव म्हणता आलं असतं: घरातल्या थोरांना ते कृष्णाचं नाव वाटलं असतं आणि तुम्हाला वसंताचा दुसरा महिना. भाद्रपदातल्या मुलाला नभस्य हे नाव मी सुचवलेलं आहे. सगळीच नावं मात्र चालत नाहीत. शुक्र म्हटलं की आता ग्रह किंवा वार आठवतो, मधु मुलामुलींत विभागलं गेलंय, इष इतकं आखूड आहे की हाक मारायला धरायला काही राहत नाही. ऊर्जचीही एक अडचण आहे. इंग्रजीत लिहिलं की अर्धे लोक ते 'अर्ज' असं वाचतील, आणि र्ज हा जोड लहान मुलाच्या तोंडात उशिरा बसतो. तरी तुमच्या तिन्ही नावांत मी यालाच वर ठेवते.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा: शब्दाचा अर्थ वेगळा आणि त्या शब्दाची लोकांच्या मनातली आठवण वेगळी. शकुनि या संस्कृत शब्दाचा अर्थ निव्वळ पक्षी असा आहे. त्यात वाईट काही नाही. तरीही हे नाव कुणी ठेवणार नाही, कारण महाभारतातल्या मामाने ते कायमचं व्यापून टाकलंय. त्याच्याच मुलाचं नाव उलूक, म्हणजे घुबड, आणि युद्धाआधी दुर्योधनाचा निरोप घेऊन पांडवांकडे जाणारा तोच. गंमत अशी की कौशिक या शब्दाचाही एक अर्थ घुबड आहे, पण तिथे विश्वामित्राची आठवण इतकी वरचढ ठरली की कौशिक हे नाव सुखाने नांदतं. म्हणजे आठवण अर्थावर मात करते, दोन्ही दिशांनी. पक्षी हवाच असेल तर शकुंत घ्या. पक्ष्यांनी सांभाळलेली म्हणून शकुंतला; तोच शब्द मुलासाठी जवळजवळ कोरा पडलेला आहे, उच्चाराला गोड आहे आणि ऐकणाऱ्याला अर्धा ओळखीचा वाटतो. अर्ध्या ओळखीची नावं सगळ्यात लवकर रुळतात असं मला दिसत आलंय.

यातूनच आणखी एक वाट निघते, तिच्याकडे सहसा कुणी बघत नाही. काही नावं इतकी परिचित आहेत की त्यांच्यातला निसर्ग आपल्याला दिसेनासा झालाय. अर्जुन हा नदीकाठी वाढणारा, पांढुरक्या गुळगुळीत खोडाचा मोठा वृक्ष आहे. अभिजित हा उत्तरेकडच्या आकाशातला ठळक तारा, स्वरमंडळ या तारकासमूहातला. अगस्त्य हा दक्षिणेकडचा तारा, रात्रीच्या आकाशात व्याधाच्या खालोखाल तेजस्वी. पावसाळ्याअखेर तो उगवला की गढूळ पाणी निवळतं असा जुना कविसंकेत आहे. कुणाल हा डोळ्यांसाठी नावाजलेला पक्षी, आणि सम्राट अशोकाच्या मुलाचं नाव त्याच्या डोळ्यांवरून पडलं अशी कथा सांगतात. घरच्यांना अनोळखी नाव नको आणि तुम्हाला निसर्ग हवा, अशी ओढाताण चालू असेल तर यांतलं एखादं नाव दोघांनाही चालेल. नाव वेगळं असायलाच हवं असं नसतं, मुलाला ते झाड किंवा तो तारा दाखवता आला तरी नाव त्याचं स्वतःचं होतं.

नद्यांची नावं मुलांना देता येत नाहीत असं अनेकांना वाटतं, कारण नद्या स्त्रीलिंगी. पण आपल्या परंपरेत काही प्रवाह पुल्लिंगी मानलेले आहेत, त्यांना नदी न म्हणता नद म्हणतात. ब्रह्मपुत्र त्यांतला एक, शोण दुसरा. शोण म्हणजे तांबडा. दोन अक्षरांचं, ठसठशीत नाव आहे, फक्त 'ण' नीट उच्चारणाऱ्या घरातच ते शोभेल. पर्वतांमध्ये जुन्या ग्रंथांनी सात कुलपर्वत सांगितलेत: महेंद्र, मलय, सह्य, शुक्तिमान, ऋक्ष, विंध्य आणि पारियात्र. मलय आणि सह्य मुलासाठी सुरेख आहेत. मैनाक मला त्यांच्याहूनही आवडतं. रामायणात हनुमान समुद्रावरून झेपावत असताना त्याला विसावा द्यायला पाण्यातून वर आलेला तो पर्वत. बलवान असून दुसऱ्याला टेकू देणारा, अशी नावामागची गोष्ट मुलाला सांगता येते. घरात हाक 'मैन्या' अशी होईल, तेही तपासून घ्या. मराठीत नावाला 'या' लागणं टळत नाही. ते रूप तुम्हाला ऐकवत नसेल तर मूळ नाव कितीही सुंदर असलं तरी रोज खटकणार.

आडनावाबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीये, म्हणून सर्वसाधारण सांगते. मराठी आडनावांत निसर्ग आधीच भरपूर आहे: वाघ, मोरे, डोंगरे, जांभळे, कोल्हे, पिंपळे. शार्दूल म्हणजे वाघ. ते वाघ आडनावापुढे ठेवलं तर अर्थाची पुनरुक्ती होते. आडनाव असं असेल तर नाव प्रकाशाच्या किंवा ऋतूच्या बाजूने घ्या. मयूख, म्हणजे किरण, अशा आडनावांबरोबर छान बसतं. आडनाव लांब आणि 'कर'ने संपणारं असेल तर दोन-तीन अक्षरांचं नाव ऐकायला बरं वाटतं.

आणि अर्थाची खातरजमा कराच. फिरत्या याद्यांमध्ये मंदार आणि मंदर एकच समजून टाकलेले असतात. मंदार हे झाड, स्वर्गीय वृक्षांपैकी एक, आणि मंदर हा समुद्रमंथनातला पर्वत. तुषारचा अर्थ मराठीत पाण्याचे उडते थेंब असा आहे, तर संस्कृतात हिम, दव, गारवा. दोन्ही बरोबर, पण तुम्हाला कोणता अभिप्रेत आहे ते माहीत असलेलं बरं. संस्कृत शब्दांसाठी वामन शिवराम आपटे यांचा संस्कृत-इंग्रजी कोश आणि मराठीसाठी मोल्सवर्थचा, शक्यतो 1857 ची दुसरी आवृत्ती. दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. शब्द तिथे सापडलाच नाही तर यादीतल्या अर्थावर विश्वास ठेवू नका.

आता कादंबरी. चारही भावांची नावं 'प'पासून सुरू होतात. भावंडं म्हणून तुम्हाला ते एकत्र बांधल्यासारखं वाटत असणार, पण वाचताना डोळा नावाचं पहिलं अक्षर आणि एकूण आकार एवढंच टिपतो. पलाश, पावक, पुलिन ही तिन्ही तीन अक्षरांची. संवाद वेगाने चालू असताना 'पावक म्हणाला' आणि 'पुलिन म्हणाला' यांत वाचकाला मागे जाऊन बघावं लागेल. असं हस्तलिखित आलं की मी पहिली सूचना नावं बदलण्याचीच करते, बाकी सगळं नंतर. पहिलं अक्षर वेगळं, लांबी वेगळी आणि जमल्यास शेवटचा ध्वनी वेगळा ठेवा. नातं अक्षरावर उभं न करता नाव ठेवण्याच्या पद्धतीवर उभं करा. समजा चारही मुलांची नावं आई जन्ममहिन्यावरून ठेवते, आणि तीही जुन्या नावांनी: माधव, नभस्य, ऊर्ज, तपस्य. नभस्य आणि तपस्य यांचा शेवट सारखा आहे म्हणून त्यांतलं एक ठेवा आणि चौथ्याला शुचि म्हणा. अशा घराविषयी वाचकाला न सांगताच पुष्कळ कळतं: इथे ऋतूंचा हिशेब ठेवला जातो आणि कुणीतरी जुनं ज्ञान जपलंय.

मात्र तुमची माणसं खरोखर रानात वाढलेली असतील तर संस्कृतकडे जाण्याआधी मराठीकडे बघा, हा माझा आग्रह आहे. संस्कृत नाव पात्राला एकदम आश्रमात नेऊन बसवतं. रानातल्या माणसाच्या तोंडी खंड्या, तांबट, कोतवाल, दयाळ, नाचण, शिक्रा ही नावं असतात, आणि प्रत्येकात एक स्वभाव आयता मिळतो. कोतवाल हा काळा, दुभंगलेल्या शेपटीचा पक्षी स्वतःहून कितीतरी मोठ्या घारी-कावळ्यांच्या अंगावर धावून जातो. तांबट पानांत लपून एकाच तालात टुक्-टुक् करत राहतो, आवाज येतो पण तो दिसत नाही. खंड्या पाण्याकडे नजर लावून बसतो आणि एकदाच सूर मारतो. नाचण एका जागी ठरतच नाही. चार भावांना ही चार टोपणनावं दिलीत तर पहिल्या प्रकरणात स्वभाववर्णनाची गरज उरणार नाही. दयाळ तर दुहेरी कामाचं: पक्ष्याचं नावही आणि जुन्या पिढीतलं माणसाचं नावही. झाडांपैकी बहावा, पांगारा, धावडा, अंजन वापरता येतील. धावडा आणि अंजन दोन्ही कणखर लाकडाची, बोलण्यात कमी आणि कामात टिकाऊ अशा माणसाला शोभणारी. ऐन हे झाडही भारदस्त आहे, मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल असते त्याची, पण 'ऐन वेळी ऐन आला' असलं वाक्य कधी ना कधी येणारच, म्हणून ते टाळा.

प्रभंजनविषयी थोडं थांबते. प्रभंजन म्हणजे मोडतोड करत जाणारा वारा. तुमचा प्रभंजन रागीट असेल तर नावाने त्याचं सगळं आधीच सांगून टाकलंय आणि वाचकाला शोधायला काही उरत नाही. तो शांत, जपून बोलणारा असेल तर मात्र नाव काम करायला लागतं. हा कधी सुटणार, याची वाचक वाट बघतो. पात्राला अर्थाच्या उलट दिशेने लिहायची तयारी असेल तरच असं जबर नाव द्यावं. शलभ हेही असंच. ज्योतीवर झेप घेणारा पतंग. बाळाला मी ते कधीच सुचवणार नाही, पण आपल्याच हट्टाने संपणाऱ्या पात्राला ते दिलं तर वाईट वाटू नये. खद्योत, म्हणजे काजवा, हे नाव एखाद्या छोट्या पण मोक्याच्या क्षणी उपयोगी पडणाऱ्या पोराला शोभेल. वृक, म्हणजे लांडगा, हेही कादंबरीत चालतं, घरात नाही. बाळाच्या नावात वाढीला जागा हवी, त्याने पुढे काय व्हावं ते आपण आजच ठरवायचं नाही. पात्राच्या नावाला ते बंधन नाही, ते कितीही टोकदार असू शकतं.

काळाचंही भान ठेवा. कथा आजची असेल आणि त्यात आजोबा असतील तर त्यांचं नाव वसंत, शरद, अरुण, अरविंद असंच असणार. निसर्ग त्यांच्याही नावात आहेच, फक्त त्या पिढीच्या पद्धतीने. आजोबांना मयूख म्हटलंत तर वाचक लगेच कथेबाहेर पडेल. काल्पनिक जग असेल तर ही अट सुटते, पण मग एका वस्तीतली सगळी नावं एकाच घराण्यातली वाटली पाहिजेत. एक गाव पक्ष्यांवरून नावं ठेवणारं आणि दुसरं वाऱ्यांवरून, एवढं केलं तरी माणूस कुठला ते नावावरून ओळखू येतं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न: मुलाला आणि नायकाला एकच नाव द्यावं का. माझं मत स्पष्ट आहे, देऊ नये. कादंबरी लिहिताना नायकाला तुम्हाला वाईट वागवावं लागेल. त्याला खोटं बोलायला लावावं लागेल, कदाचित मारावंही लागेल, आणि घरात त्याच नावाने हाका मारत असताना हे लिहिताना हात आखडतो. शिवाय नायकाचं नाव तिसऱ्या-चौथ्या खर्ड्यात बदलावं लागणं नेहमीचंच, मुलाचं तसं बदलता येत नाही. मुलगा कार्तिकातला असेल तर त्याला ऊर्ज ठेवा. दुसऱ्या महिन्यातला असेल तर किंशुक किंवा शकुंत, दोन्ही आडनावासकट आठवडाभर घरात वापरून बघा आणि जे आपोआप तोंडात येईल ते घ्या. मुलगा ऊर्ज झाला तर भावांच्या यादीतून ते नाव काढा आणि त्या जागी सहस् घ्या. पक्ष्यांची नावं घ्यायची ठरली तर नायक कोतवाल असावा असं मला वाटतं.